रिकाम्या कॉलेजचा व्हिडिओ

बारावीचा निकाल लागला आणि माझ्या मुलीचं पुढचं शिक्षण दोन भावांच्या मध्ये अडकलं. तिचे वडील म्हणत, जवळ असेल तर शिक. थोरले दीर पूर्णेला रेल्वेत आहेत. ते म्हणत, मोठ्या कॉलेजात शिकायचं असेल तर शिक, नाहीतर नुसता डिग्रीचा कागद आणून काय करायचं? मोठं कॉलेज जवळ नव्हतं आणि जवळचं कॉलेज मोठं नव्हतं. दोघांचंही ऐकायचं म्हटलं तर पोरगी घरी बसणार, हे मला दिसत होतं. तिलाही दिसत असावं. त्या दिवसांत ती घरातली कामं फार निमूटपणे करायची आणि मला त्याचीच भीती वाटायची. मी चौथीनंतर घरी राहिले तेव्हा अशीच कामाला लागले होते. पोर गुणाची आहे, असं सगळे म्हणाले, आणि शाळेची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

तालुक्याचं कॉलेज आमच्या गावापासून एका एसटीच्या वाटेवर आहे. सकाळची गाडी नेते, दुपारची आणते. इमारत दोन मजली, त्यातला वरचा मजला अर्धाच बांधलेला. मुलीला बी.एस्सी. करायची होती आणि तिथंच करायची होती. का, असं विचारलं तर म्हणायची, "आई, मला तिथं जमंल." याच्यापुढं काही सांगायची नाही. ती माझ्यावर गेली आहे. आम्हा दोघींना मनातलं सगळं एकदम बोलता येत नाही.

पेरणीच्या तोंडावर दीर गावी आले. मी चहा टाकला तोवर त्यांनी मोबाइल काढून भावासमोर धरला.

"घे, बघ. तुझ्या त्या कॉलेजची शकल बघ."

मोबाइलमधून आधी भोंग्यासारखं संगीत वाजलं. मी पडद्याआडून पाहिलं. हातात माईक घेतलेला एक तरुण माणूस कॉलेजच्या फाटकासमोर रस्त्यावर उभा होता. खालून लाल पट्टी पळत होती. तो ओरडून सांगत होता की आज कामकाजाचा दिवस आहे, साडेअकरा वाजलेत आणि बघा, वर्गात एक विद्यार्थी नाही, एक प्राध्यापक नाही. मग रिकामी बाकडी दाखवली, फळ्यावर काही नाही, प्रयोगशाळेला कुलूप. शेवटी एका म्हाताऱ्या शिपायाच्या तोंडापुढं माईक धरला. शिपाई हसून म्हणाला, "आज कुणी येत न्हाई साहेब, आज तर..." आणि तिथंच चित्र बदललं. माईकवाला पुन्हा आला आणि म्हणाला, शिपाईच कबूल करतोय!

"आता बोल," दीर म्हणाले. "बाकड्यांना शिकवायलेत का काय तिथं?"

"मला तर वाटलं होतं बरं चाललंय," हे म्हणाले.

"वाटून काय होतंय? टीव्हीवर आलंय."

"टीव्हीवर न्हाई काका," मुलगी दारातून म्हणाली. "मोबाइलवरचं चॅनल हाय ते. कुणी बी काढतंय."

"एकच झालं की. माईक हाय, पट्टी हाय, माणूस तिथं जाऊन उभा हाय. डोळ्यानं दिसतंय ते बी खोटं का?"

तिच्या वडलांनी माझ्याकडं पाहिलं नाही, चहाकडं पाहिलं. ते असे चहाकडं पाहू लागले की त्यांचं मन ठरत आलेलं असतं, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक झालंय.

मुलगी स्वयंपाकघरात आली. काकांनी तो व्हिडिओ घराच्या ग्रुपवर टाकलेला होताच. भिंतीला टेकून तिनं तो पुन्हा लावला. बातमी खोटी असावी असं तिला वाटत होतं, पण रिकामी बाकडी तिलाही दिसत होती.

"आवाज बंद कर त्याचा," मी म्हणाले. "निस्तं चित्र दाखव."

आवाज गेला तसा तो माणूसही लहान झाला. मग मला त्याच्या मागचा रस्ता दिसू लागला. त्या रस्त्यानं एक बाई चालली होती. डोक्यावर मातीचं बिंदगं, त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. मागून एक माणूस टोपली घेऊन, त्याच्या अंगावर घोंगडी, दोन लेकरं पुढं पळतायत. मग माणसांनी गच्च भरलेला एक ऑटो गेला. सगळे एकाच दिशेला, शिवाराकडं.

"ही बाई कुठं चाललीय?" मी विचारलं.

"कोणची? मला काय माहीत." मुलगी वाकून बघू लागली आणि एकदम म्हणाली, "आई, ह्या माईकवाल्यानं जर्किन घातलंय. ह्या उकाड्यात?"

आम्ही दोघी एकमेकींकडं बघून एकदमच म्हणालो, "येळवस!"

बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. थंडीत वेळ अमावास्या येते, आम्ही तिला येळवस म्हणतो. त्या दिवशी आमच्याकडं गावात कुणी राहत नाही. शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, करायची, पाच पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा करायची आणि तिथंच जेवायचं. डाळी आणि पालेभाज्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे आणि बिंदग्यातून डोक्यावर नेलेली आंबील. स्वतःचं शेत नसेल तो दुसऱ्याच्या शेतात जेवतो. रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. सरकारी कागदावर सुट्टी असो की नसो, दुकानं बंद, शाळा ओस. त्या दिवशी आमच्या तालुक्यातलं कोणतंही दार उघडून पाहिलं तर आत कुणी सापडणार नाही. आणि हा व्हिडिओ आम्ही जूनच्या उन्हात बघत होतो, काल काढल्यासारखा.

मुलीनं ते चॅनल शोधून काढलं. तिथं मूळ व्हिडिओ होता आणि तो हिवाळ्यातलाच होता. ती पळत बाहेर गेली. मी दाराच्या आत उभी राहिले. थोरल्या दिरांशी मी समोरून बोलत नाही, तशी आमच्यात रीत नाही. ते मला काही सांगायचं असलं तरी मुलीला सांगतात.

तिनं त्यांना बिंदगं दाखवलं, घोंगडी दाखवली, जर्किन दाखवलं. दिरांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं.

"हे कुणी वळखलं?"

"आईनं."

"अस्सं. तुझी आई आता बातम्या तपासायली व्हय? परभणीला हापिस काढून द्यावं लागंल."

हे हसले. मलाही हसू आलं. दीर मात्र मोबाइल ठेवून म्हणाले, "बरं. येळवशीला रिकामं होतं, मान्य. पर बाकीच्या दिवशी भरलेलं असतंय, हे कुणी बघितलंय? तू बघितलंस? तुझ्या बापानं बघितलंय?"

मला राग यायला हवा होता. पण प्रश्न बरोबर होता. त्या माईकवाल्यानं एक दिवस दाखवला होता आणि आम्ही तो खोडून काढला होता. बाकीचं वर्ष ना त्याला ठाऊक होतं ना आम्हाला.

"मग जाऊन बघू," हे म्हणाले. "मला पेरणी हाय. तिची आई जाईल पोरीसंगं."

मी आयुष्यात कॉलेजच्या फाटकातून आत गेले नव्हते.

दोन दिवसांनी आम्ही गेलो. कुणाला कळवलं नाही. पोरीसाठी स्थळ बघायला जाताना पहिली फेरी न सांगता मारतात, पाहुणा येणार म्हणून सारवून ठेवलेलं घर काय बघायचं? तसंच मनात धरलं. फाटकाशी पोहोचलो आणि माझा जीव भांड्यात पडला. आवारात पोरंच पोरं! खिडकीपाशी रांग, झाडाखाली घोळके, सायकली, मोटारसायकली. मी मुलीला म्हणाले, "बघ, किती भरलंय! आता सांग तुझ्या काकांना."

ती खूश झाली नाही. रांगेतल्या एका मुलीशी बोलून आली.

"आई, ही गर्दी मार्कमेमोची हाय. बारावीचे मार्कमेमो वाटायलेत आज. ही सगळी घेऊन जाणार, उद्या ह्यातलं कुणी येणार न्हाई."

मी खाली बसले. त्या माणसानं रिकामा दिवस बघितला आणि कॉलेज वाईट ठरवलं. मी भरलेला दिवस बघितला आणि चांगलं ठरवून घरी निघाले होते. माझ्या हातात माईक नव्हता, एवढाच काय तो फरक.

फाटकापाशी स्टुलावर तोच शिपाई बसलेला होता. मुलीनं धीर करून त्याला व्हिडिओ दाखवला. तो मान डोलावत बघत राहिला आणि स्वतःचं तोंड दिसलं तसा खुलला.

"अरे, हा तर तो पोरगा!"

"मामा, तुमी म्हणालाव ‘आज तर’, त्याच्यापुढं काय म्हणालाव?"

"काय म्हणणार? आज तर येळवस हाय, तुमी बी चला जेवायला, असं म्हणालो. माझं शेत ह्या मागंच हाय. कुलूप लावून निघालोच होतो मी."

"मग?"

"मग काय, आला की! त्यो आला, त्याचा कॅमेरावाला बी आला. दोनदा भज्जी घेतली. आंबील पिऊन कोपीत पडला घटकाभर. लय चांगलं पोरगं."

"आणि मग हे असं टाकलं?"

"टाकलं खरं." शिपाई जरा ओशाळला, जसं काही त्याचंच चुकलं. "पर येळवशीला दारात आलेल्याला उपाशी कसं लावून द्यायचं, माय? आधी ठाऊक असतं तरी जेवूच घातलं असतं."

माझ्या मुलीला इतकं हसू आलं की तिला फाटकाला धरावं लागलं. मलाही त्या माईकवाल्याचा राग तितकासा राहिला नाही. त्याला त्या दिवशी काहीतरी पाठवायचं असेल आणि रिकामी बाकडी आयती मिळाली. पण त्या आयत्या चित्रावर एका पोरीचं शिकणं अडलं होतं, हे त्याला कोण सांगणार?

आम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. बाजाराचा दिवस नाही, कसलं वाटप नाही, सण नाही, असा दिवस मुलीनं निवडला. आवार शांत होतं. या खेपेला मी घाबरले. पण वर चढलो तेव्हा वर्गांतून आवाज येत होता. एका खोलीत पंधरा-वीस पोरं-पोरी बसलेल्या, सर फळ्यावर काहीतरी काढत होते. दुसऱ्या खोलीला कुलूपच होतं. मी दोन्ही नीट पाहून ठेवलं.

मुलगी ऑफिसात चौकशीला गेली आणि मी पाण्याच्या टाकीजवळ थांबले. तिथं तीन मुली डबा उघडून बसल्या होत्या. मी काही विचारायच्या आत त्यांनीच मला सरकून जागा दिली आणि हातावर शेंगदाण्याच्या चटणीसकट भाकरीचा तुकडा ठेवला. त्यामुळं विचारणं सोपं झालं.

"बाळांनो, तुमी हेच कॉलेज कामून घेतलं?"

"खरं सांगू का मावशी?" एक म्हणाली. "आमच्या वडलांनी इथवरच सोडलं. पुढची गाडी आमच्यासाठी बंद."

"तिचं सोडा, तिला कुठं बी नेलं असतं तरी ती झोपलीच असती वर्गात," दुसरी म्हणाली. "मी शहरात होते एक वर्ष. एवढा मोठा हॉल की मागं बसलं तर सर मुंगीएवढे दिसायचे. मी महिनाभर आजारी पडून घरी राहिले, तरी तिथं कुणाला पत्ता न्हाई. इथं दोन दिवस आले न्हाई तर मॅडम माझ्या आईला फोन लावतात. लपता येत न्हाई इथं, हाच एक त्रास."

तिसरीच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. ती म्हणाली, "मी लेकरू सासूपाशी ठेवून येते मावशी. दुपारच्या गाडीनं परत जाता येतंय म्हणून शिकणं चाललंय. मोठं कॉलेज असतं तर मी घरीच."

"आणि कॅन्टीन न्हाई," पहिली म्हणाली, "म्हणून वर्गात बसावं लागतंय."

सगळ्या हसल्या. मग मी ते कुलूप विचारलं. त्या एकमेकींकडं बघू लागल्या.

"ती केमिस्ट्रीची लॅब," शहरातून आलेली म्हणाली. "केमिस्ट्रीचे सर रिटायर झाले, जागा भरली न्हाई अजून. फिजिक्सचे सर मधून मधून शिकवतात. मनापासून शिकवतात, पर त्यांचा तो विषय न्हाई मावशी."

म्हणजे त्या व्हिडिओतलं एक कुलूप खरं होतं.

परतीच्या एसटीत मुलगी खिडकीतून बाहेर बघत होती. तिनंही ऑफिसात तेच ऐकलं होतं. सोनपेठचा फाटा मागं गेल्यावर ती हळूच म्हणाली, "आई, केमिस्ट्रीचं घरी आप्पाला सांगू नकोस."

मी मनात म्हटलं, नाही सांगितलं तर काय बिघडणार आहे? पोरगी कॉलेजात जाईल. पण मला सारखा तो शिपाई दिसत होता. ‘आज तर’ म्हणून उघडलेलं तोंड आणि तिथंच तोडलेलं चित्र. त्या माणसानं एक शब्दही खोटा घातला नव्हता. त्यानं फक्त पुढचं कापलं होतं. मी घरी जाऊन पुढचं कापून सांगितलं तर मग त्याला नावं कशाला ठेवायची?

घरी आल्यावर मी यांना सगळं सांगितलं. फोनवर दीर होते, तेही ऐकत होते. भरलेले वर्ग सांगितले, फोन लावणाऱ्या मॅडम सांगितल्या, लेकुरवाळी पोरगी सांगितली. मग कुलूप सांगितलं. मुलीनं माझ्याकडं असं बघितलं की मला भाकरी थापता येईना.

फोनमधून दिरांचा आवाज आला, "ऐकलंस? मास्तरच न्हाई. कामून जायचं मग तिथं?"

हे चहाकडं बघू लागले. मला वाटलं, झालं. माझ्याच हातानं झालं.

तेव्हा मुलगी बोलली. ती इतकी सलग बोललेली मी त्याआधी ऐकली नव्हती.

"काका, मोठ्या कॉलेजात सगळे सर असतील. पर मला न्हाई समजलं तर मी तिथं हात वर करीन का? दोनशे पोरांत? मी न्हाई करणार, मला माहीत हाय. बारावीला बी मी तीन विषय घरी बसून पाठ केले, कारण विचारायची लाज वाटली. इथं वीस पोरं हायत. इथं मी विचारीन. मला शिकायचं ते असं शिकायचंय. आणि केमिस्ट्रीचे सर न्हाईत तर आमी मागू. वीस जणांनी मागितलं तर दिसतंय तिथं, कोण मागायलंय ते."

दीर म्हणाले, "तुझ्या आईला फोन दे."

मी हात पुसून फोन घेतला. लग्नानंतर पहिल्यांदा ते माझ्याशी थेट बोलत होते.

"कुलूप हाय हे तुमी दडवलं न्हाई," ते म्हणाले. "म्हणून बाकीचं बी खरं धरतो. घाला तिला." आणि मग सवयीप्रमाणं आवाज चढवून, "पर केमिस्ट्रीचं बघा म्हणावं!"

मी "व्हय" म्हणाले.

त्या आठवड्यातच प्रवेश झाला. आषाढात पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू झाले, सकाळच्या गाडीसाठी घर लवकर उठू लागलं. केमिस्ट्रीच्या तासाला कधी फिजिक्सचे सर यायचे, कधी कुणीच नाही. मुलींनी प्राचार्यांना अर्ज दिला, एकदा नाही, दोनदा दिला. दुसऱ्या वेळी लेकुरवाळी आपलं पोर कडेवर घेऊनच गेली, त्या दिवशी सासू गावाला गेली होती म्हणून. पोरानं प्राचार्यांच्या टेबलावरची घंटा वाजवून वाजवून हैराण केलं, असं मुलगी सांगत होती. अर्जामुळं झालं की त्या घंटेमुळं, कुणाला माहीत, पण दसऱ्यानंतर तासिका तत्त्वावर एक मॅडम आल्या. पगार तासाप्रमाणं, रोज परभणीहून एसटीनं येणं-जाणं. किती दिवस टिकतील सांगता येत नाही. लॅबचं कुलूप मात्र निघालं.

परवा संध्याकाळी मुलगी चुलीपाशी येऊन बसली.

"आई, मी आज विचारलं."

"काय?"

"युरिया पाण्यात कालवला की बादली गार कामून पडतीय. आप्पा फवारायला कालवतात तेव्हा मला नेहमी वाटायचं. सगळा वर्ग वळून बघायला लागला."

"मग? काय म्हणाल्या मॅडम?"

"म्हणाल्या, नीट बघून सांगते, उद्या विचार."

मला वाटलं, टाळलं असेल. मोठी माणसं अशीच टाळतात. काल ती परत आली तीच सांगत आली. मॅडमनी वर्गात येताच तिलाच उभं केलं, युरियाची पुडी आणि तांब्या मागवला, सगळ्यांना हात लावायला लावला आणि मग फळ्यावर समजावलं. मुलीनं मला ते भाकरी करता करता दोनदा सांगितलं. युरिया विरघळताना पाण्यातली ऊब ओढून घेतो, इथवर मला कळलं. कशी ओढतो ते नाही कळलं. ती म्हणाली, उद्या पुन्हा सांगते.